एकच इंजेक्शन, दोन कोड
वयात येण्याची सुरुवात मेंदूतून होते. हायपोथॅलॅमसमधून जीएनआरएच नावाचं संप्रेरक थांबून थांबून, तास-दीड तासाच्या अंतराने सुटतं आणि पियुषिका ग्रंथी कामाला लागते. १९७०च्या दशकात अर्न्स्ट नोबिल यांनी ऱ्हीसस माकडांवर एक विचित्र गोष्ट दाखवली. हे संप्रेरक तासाला एकदा दिलं तर ग्रंथी जागी राहते; तेच अखंड सोडत राहिलं तर गप्प होते. सतत वाजणाऱ्या बेलकडे आपण कानाडोळा करतो, तसंच.

ल्युप्रोलाइड हे औषध याच खोडीवर चालतं: सतत अंगात राहून ते ग्रंथीला गप्प करतं, आणि वयात येणं थांबतं. सहाव्या वर्षीच वयात येऊ लागलेल्या मुलीला अमेरिकेत १९९३पासून ते मान्यतेनिशी दिलं जातं. बिलावर निदानाचा कोड पडतो ई२२.८, आणि गरीब कुटुंबांसाठीची सरकारी विमा योजना, मेडिकेड, पैसे भरते. तेच इंजेक्शन तेरा वर्षांच्या ट्रान्सजेंडर मुलाला दिलं की कोड होतो एफ६४.०, आणि वाद पेटतो.

मेडिकेडच्या नियमानुसार एकवीस वर्षांखालच्यांना ‘वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक’ ते उपचार मिळायला हवेत. सगळं अडतं ते ‘आवश्यक’ या शब्दावर. टेनेसी राज्याने २०२३मध्ये ट्रान्सजेंडर अल्पवयीनांसाठी हे उपचारच बंद केले, अकाली वयात येणाऱ्यांना मात्र सूट ठेवली. १८ जून २०२५ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी तो कायदा टिकवला. उपचार उपयोगी की घातक, हे न्यायालयाने ठरवलेलं नाही. ते काम विधिमंडळाचं, असं म्हटलं.

पुरावा काय सांगतो? ब्रिटनमध्ये अशा मुलांच्या उपचारांचा आढावा घेणाऱ्या २०२४च्या कॅस अहवालाला तो कच्चा वाटला. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२३मध्ये उपचारांना असलेला पाठिंबा कायम ठेवला, पण पुराव्याचा नव्याने आढावाही मागवला. माझ्या मते ‘पुरावा कच्चा’ म्हणजे ‘उपचार निरुपयोगी’ नव्हे, आणि ‘औषध जुनं आहे’ म्हणजे ‘इथेही निर्धोक’ असंही नाही. लहान मुलीचं औषध थांबवलं की तिचं शरीर आपल्या वाटेने पुढे जातं. हे औषध घेणारी बहुतेक ट्रान्सजेंडर मुलं मात्र पुढे टेस्टोस्टेरॉन किंवा इस्ट्रोजेनकडे वळतात. शिवाय याच वर्षांत हाडं भरायची असतात, आणि औषध चालू असताना ती भरणी मंदावते.

पक्क्या पुराव्यासाठी निम्म्या मुलांना औषध, निम्म्यांना नुसतं सलाइन, अशी चाचणी घ्यावी म्हटलं, तर सलाइनवाल्यांचा काही महिन्यांतच आवाज फुटतो, छाती वाढते, आणि कोणाला काय मिळालं हे आरसाच सांगून टाकतो.