धनगरवाडा (चांदोली परिसर)

सह्याद्रीच्या माथ्यावर, मूळ गावापासून दूर रानात वसलेली गवळी धनगरांची लहान वस्ती. घरे मोजकीच, बहुधा एकाच भावकीची. सांगली, सातारा, कोल्हापूर आणि रत्नागिरी या जिल्ह्यांत पसरलेल्या चांदोली राष्ट्रीय उद्यानाच्या आसपास असे वाडे आढळतात.

पूर्वेकडच्या कोरड्या माळांवर मेंढ्या घेऊन फिरणाऱ्या हटकर धनगरांपेक्षा यांचे जगणे निराळे. घाटमाथ्याच्या मुसळधार पावसात मेंढी टिकत नाही, म्हैस टिकते. त्यामुळे गवळी धनगरांचे सारे म्हशीभोवती फिरते. जुनी घरे कारवीच्या कुडाची, शेणाने सारवलेली, गवताने शाकारलेली; माणसे आणि जनावरे एकाच छपराखाली. डोंगरउतारावर नाचणी-वरीची थोडी शेती होई, पण पोटापुरते धान्य खालच्या गावातून येई. त्या बदल्यात लोणी-तूप जाई आणि ताक घरी राही. परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगील आणि मानववंशशास्त्रज्ञ कैलाश मल्होत्रा यांनी या समाजाचा अभ्यास केला, त्यात ही देवघेव ठळकपणे दिसते: खोऱ्यात कुणबी, माथ्यावर गवळी, त्यामुळे एकाच जमिनीसाठी दोघांत फारशी चढाओढ नव्हती.

पुढे धरणे आली, गुरे चारायची राने आक्रसली. चांदोली १९८५ मध्ये अभयारण्य आणि २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यान (३१७.६७ चौ. किमी.) झाले, २०१० पासून ते कोयना अभयारण्यासह सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. वाड्याच्या दृष्टीने यातला २००४ चा बदल सर्वांत जड. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यात चराईला परवानगी मिळू शकते, राष्ट्रीय उद्यानात नाही. आतील अनेक गावे टप्प्याटप्प्याने बाहेर हलवण्यात आली. बाहेर उरलेल्या कित्येक वाड्यांना धड रस्ता नाही. आजारी माणसाला डोलीतून खाली आणावे लागते.

वनात पिढ्यानपिढ्या राहणाऱ्यांचे हक्क मान्य करणारा वनहक्क कायदा (२००६) इथे अर्धाच उपयोगी पडतो. महाराष्ट्रात धनगर अनुसूचित जमातींत नाहीत, भटक्या जमातींत (क) आहेत. त्यामुळे ‘इतर पारंपरिक वननिवासी’ म्हणून त्यांना १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा, रहिवास दाखवावा लागतो. रानातल्या कुडाच्या घराला इतका जुना कागद कुठला? नियमांनी मात्र वाट ठेवली आहे: जुन्या विहिरी, दफनभूमी, देवस्थाने आणि दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचे लेखी जबाबही पुरावा म्हणून चालतात.