टिल्ट : पोकरमधील मनाचा तोल आणि खेळशिस्त

टिल्ट : पोकर खेळताना राग, निराशा, अपमानाची भावना किंवा क्वचित अतिउत्साह यांमुळे मनाचा तोल जातो आणि खेळाडूचे निर्णय त्याच्या नेहमीच्या वकुबापेक्षा खालावतात. या अवस्थेला टिल्ट म्हणतात. खेळाडूंच्या बोलण्यात ‘तो टिल्टवर गेला’ असा प्रयोग रूढ आहे. ही अवस्था टाळणे, आलीच तर वेळीच ओळखणे आणि तिच्यापायी होणारे नुकसान आटोक्यात ठेवणे, यासाठी खेळाडू जे नियम व सवयी स्वतःला लावून घेतो त्यांचा विचार खेळशिस्त म्हणून केला जातो.

राग कोणत्याही खेळात येतो. पोकरमध्ये त्याला वेगळे महत्त्व येते ते खेळाच्या रचनेमुळे. बुद्धिबळात चुकीच्या चालीची शिक्षा पटावरच दिसते. पोकरमध्ये प्रतिस्पर्ध्याचे पत्ते झाकलेले असतात, पुढचा पत्ता दैवाधीन असतो आणि प्रत्येक निर्णयाला पैसा चिकटलेला असतो. त्यामुळे बरोबर निर्णय घेणारा वारंवार हरतो, चुकणारा वारंवार जिंकतो आणि आपण यांपैकी कोण आहोत हे एका बैठकीत कळण्याचा मार्ग नसतो.

संज्ञेचा उगम : याबाबत दोन मते आढळतात. पहिल्या मतानुसार ही संज्ञा पिनबॉल यंत्रांवरून आली. अमेरिकेत १९३० च्या दशकात नाणे टाकून चालणारी ही यंत्रे लोकप्रिय झाली, तेव्हा गोळी हव्या त्या भोकात पडावी म्हणून खेळणारे यंत्रच हलवत, एका बाजूने उचलत किंवा खालून ठोसे देत. हॅरी विल्यम्स या यंत्ररचनाकाराने त्यावर एक साधी युक्ती काढली. एका आखूड खांबावर गोळी ठेवलेली असे. यंत्राला जोराचा धक्का बसला की ती घरंगळून खालच्या धातूच्या कड्यावर पडे आणि डाव तिथेच संपे. या युक्तीचा काळ १९३२ ते १९३४ च्या दरम्यान धरला जातो. पुढे खांबाची जागा लोलकाने घेतली. धातूच्या कड्याच्या मधोमध लोंबणारे वजन कड्याला शिवले की विद्युतमंडल पूर्ण होई, यंत्र खेळणाऱ्याला दाद देईनासे होई आणि काचेवर ‘टिल्ट’ (म्हणजे कलणे) ही अक्षरे उजळत. दुसरे मत मध्ययुगीन घोडेस्वारांच्या भालाझुंजीकडे बोट दाखवते, कारण तिलाही इंग्रजीत ‘टिल्ट’ म्हणत. आंधळ्या आवेशाने चालून जाणे हा अर्थ त्यात मध्यवर्ती आहे. दोहोंत पिनबॉलचे मत अधिक ग्राह्य वाटते. पोकरमधील वापर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला मानला जातो आणि तेव्हा पिनबॉलची यंत्रे सर्वपरिचित होती. शिवाय निकालावर जबरदस्ती करू पाहणाऱ्याचा खेळच बंद पडतो, हा आशयही पोकरमधील अर्थाशी जुळतो.

चढउतारांचे गणित : टिल्टचे मूळ समजण्यासाठी स्वभावाआधी संख्याशास्त्राकडे पाहावे लागते. टेक्सस होल्डेम या प्रकारात (प्रत्येकाच्या हातात दोन झाकलेले पत्ते आणि टेबलावर सर्वांसाठी पाच उघडे पत्ते) हातात दोन एक्के येण्याची संधी सरासरीने २२१ डावांत एकदा मिळते. समोरच्याकडे दोन राजे असतील आणि सर्व चिप्स (पैशांच्या जागी वापरायच्या चकत्या) फ्लॉपपूर्वीच, म्हणजे पहिले तीन उघडे पत्ते पडण्याआधीच, मध्ये गेल्या असतील, तर एक्के सुमारे ८२ टक्के वेळा जिंकतात. उरलेल्या १८ टक्क्यांना खेळाडू ‘बॅड बीट’ म्हणतात आणि वर्षानुवर्षे विसरत नाहीत. जिंकण्याची शक्यता ८० टक्के असलेले असे ५ डाव ओळीने खेळले, तर पाचही जिंकण्याची शक्यता केवळ ३३ टक्के असते. म्हणजे निदान एक हार ही अपेक्षित गोष्ट आहे.

बैठकांच्या मालिकेत हाच हिशेब अधिक बोचरा होतो. एखादा चांगला खेळाडू दर १०० डावांमागे सरासरी ५ बिग ब्लाइंड (डावाच्या सुरुवातीला सक्तीने लावायची ठरावीक पैज; कमाई मोजण्याचे हेच एकक) कमावतो असे समजू. नो-लिमिट (पैजेला वरची मर्यादा नसलेल्या) होल्डेममध्ये १०० डावांमागचे प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीभोवतीच्या चढउतारांचे माप, साधारणतः ८० ते १०० बिग ब्लाइंडांच्या घरात असते. हिशेबाच्या सोयीसाठी ते १०० धरू. मग १०,००० डावांनंतर अपेक्षित कमाई ५०० आणि प्रमाण विचलन १,००० बिग ब्लाइंड येते. अशा खेळाडूने तेवढ्या डावांनंतर तोट्यात असण्याची शक्यता सुमारे ३१ टक्के निघते. १,००,००० डावांनंतरही ती ६ टक्क्यांच्या आसपास उरते. प्रत्यक्ष टेबलावर तासाला २५ ते ३० डाव होतात. आठवड्याला १० तास बसणाऱ्याला १०,००० डावांसाठी ८ ते ९ महिने लागतात. इतका काळ उत्तम खेळूनही खिशाला तोटाच दिसणे शक्य आहे. या पडत्या काळाला ‘डाऊनस्विंग’ म्हणतात. तोट्यात असलेला चांगला खेळाडू आणि नफ्यात असलेला सुमार खेळाडू एकाच टेबलावर शेजारी बसलेले असणे ही रोजची बाब आहे. दोघांनाही आपापल्या खेळाविषयी चुकीचा धडा मिळत असतो, आणि खेळाडूच्या मनाला सर्वांत मोठी इजा येथे होते.

बिघाड प्रत्यक्ष कसा दिसतो : टेबलावर आरडाओरडा करणारा खेळाडू हे टिल्टचे परिचित रूप असले, तरी बहुतेक नुकसान शांतपणे होते. समजा पॉटमध्ये (डावात मध्ये जमलेल्या रकमेत) १०० चिप्स आहेत आणि प्रतिस्पर्धी ५० लावतो. १५० मिळवण्यासाठी ५० द्यायचे, म्हणजे कॉल (तेवढीच रक्कम लावून डावात राहणे) परवडण्यास निदान २५ टक्के संधी हवी. खेळाडूच्या हातात अपुरा फ्लश (एकाच चिन्हाच्या पाच पत्त्यांपैकी चार) आहे आणि एकच पत्ता यायचा बाकी आहे. न दिसलेल्या ४६ पत्त्यांपैकी ९ त्याच्या कामाचे, म्हणजे संधी २० टक्क्यांहून किंचित कमी. फ्लश लागल्यावर पुढे आणखी चिप्स मिळण्याची आशा नसेल, तर हा कॉल सरासरीने सुमारे ११ चिप्स गमावतो. हे गणित अवघड नाही, खेळाडूला ते पाठच असते. पण मागच्याच डावात याच प्रतिस्पर्ध्याने शेवटच्या पत्त्यावर त्याला लुटलेले असते. हात चिप्सकडे जातो आणि ‘कदाचित तो ब्लफ करत असेल’ (हातात काही नसताना जोर दाखवत असेल) हे समर्थन मागाहून तयार होते. एका बैठकीत असे २० निर्णय झाले, तर २०० हून अधिक चिप्स जातात. त्यांतले काही फ्लश लागतातही, त्यामुळे गळती लक्षात येत नाही.

कारणमीमांसा : अभ्यासकांत येथे दोन प्रवाह दिसतात. पहिला निर्णयशास्त्राचा. डॅनियल कानेमन व एमोस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या संभाव्यता-मूल्यांकनाच्या सिद्धांतानुसार माणूस तोट्याच्या बाजूला असताना जोखीम अधिक पत्करतो, कारण तो अजून मूळ रकमेशीच तुलना करत असतो. रिचर्ड थेलर व एरिक जॉन्सन यांनी १९९० मध्ये त्याला जोड दिली : आधी जिंकलेला माणूस ‘फुकटच्या’ पैशाने धाडस करतो, तर आधी हरलेला माणूस बरोबरीत आणण्याची आशा देणाऱ्या पैजेकडे ओढला जातो. गॅरी स्मिथ आणि सहकाऱ्यांनी अनुभवी ऑनलाइन खेळाडूंच्या नोंदी तपासून २००९ मध्ये असा निष्कर्ष काढला की मोठ्या हारीनंतर त्यांचा खेळ मोठ्या जितीनंतरच्या मानाने अधिक बेसावध होतो. अनुभवाने ही ओढ सुटत नाही, हे त्यातून दिसते.

दुसरा प्रवाह भावनांपासून सुरुवात करतो. फिनलंडमधील युसी पालोमाकी व सहकाऱ्यांनी २०१३ च्या सुमारास खेळाडूंच्या स्वतःच्या कथनांचे विश्लेषण केले. त्यांत पैसे गेल्याच्या दुःखाइतकीच ठळक होती ती अन्याय झाल्याची भावना : मी बरोबर खेळलो, तरी मला का? त्याच गटाच्या अभ्यासात अनुभवी खेळाडू स्वतःला कमी कुरतडतात आणि स्वतःकडे तटस्थपणे अधिक पाहतात, असेही आढळले. नोंदींवर आधारलेला पहिला पुरावा मोजमापाच्या दृष्टीने भक्कम असला, तरी जागच्या जागी खेळाडूला काय होते हे दुसरी मांडणी अधिक नेमके सांगते. बरोबरीत येण्याची ओढ बैठक लांबवते, तर अन्यायाची भावना एका विशिष्ट माणसाविरुद्ध, विशिष्ट डावात चिप्स फेकायला लावते. प्रत्यक्षात दोन्ही एकमेकींत मिसळलेल्या असतात.

भावना म्हणजे केवळ अडथळा, हेही खरे नाही. अंतोइन बेकारा, अंतोनिओ दामासिओ व सहकाऱ्यांच्या १९९४ मधील पत्त्यांच्या प्रयोगात, मेंदूच्या पुढच्या भागाच्या तळाशी इजा झालेले रुग्ण बुद्धी शाबूत असूनही तोट्याच्या गड्ड्यांतून पत्ते उचलत राहिले. त्या प्रयोगाच्या अर्थाबद्दल पुढे बरेच आक्षेप निघाले. तरी पूर्णपणे भावनाशून्य खेळाडू उत्तम खेळेल ही समजूत त्याने ढिली केली.

प्रकार : खेळाडूंचे मानसिक प्रशिक्षक जॅरेड टेंडलर यांनी टिल्टचे ७ प्रकार मानले आहेत : सलग दुर्दैव, अन्याय, हार सहन न होणे, स्वतःची चूक, जिंकण्यावर आपला हक्क आहे ही भावना, सूड आणि अगतिकता. त्यांच्या सीमा काटेकोर नाहीत. पण आपण बहुधा कोणत्या वाटेने घसरतो हे ओळखायला वर्गीकरण उपयोगी पडते. जितीनंतरचा सैलपणा त्यात बराचसा हक्काच्या भावनेखाली येतो.

खेळशिस्त : पायाभूत नियम रकमेचा आहे. खेळासाठीची रक्कम (बँकरोल) घरखर्चापासून वेगळी ठेवायची आणि रोख खेळात एका टेबलाच्या बाय-इनच्या (टेबलावर बसताना घ्यायच्या चिप्सच्या रकमेच्या) २० ते ४० पट ती असल्याशिवाय त्या पातळीवर बसायचे नाही, असा संकेत आहे. बाय-इन साधारणतः १०० बिग ब्लाइंडांचा असतो. स्पर्धांमध्ये चढउतार फार तीव्र असल्याने १०० किंवा त्याहून अधिक प्रवेशशुल्कांची तरतूद सुचवली जाते. दिवाळे टाळणे हा याचा उघड हेतू. त्याचा मनावरचा परिणामही तितकाच मोलाचा आहे, कारण एका डावात एकूण रकमेचा चाळिसावा भाग गेला तर डोके ठिकाणावर राहते, निम्मी रक्कम गेली तर राहत नाही.

बैठकीत २ किंवा ३ बाय-इन गेले की उठायचे, या नियमाबद्दल मतभेद आहेत. गणिती खेळाडूंचा आक्षेप असा की प्रत्येक डाव स्वतंत्र असतो. पत्त्यांना आधीची हार आठवत नाही. सर्व बैठका मिळून एकच लांब बैठक मानली, तर मध्ये उठल्याने अपेक्षित कमाई वाढत नाही. उलट दुबळे प्रतिस्पर्धी बसलेले असताना उठणे हा तोटाच. हा युक्तिवाद पत्त्यांपुरता अचूक आहे. पण त्यात खेळाडूचा दर्जा शेवटपर्यंत तोच राहील हे गृहीत धरलेले असते, आणि टिल्ट म्हणजे नेमके ते गृहीतक मोडणे. आपला दर्जा घसरला आहे का, हे ठरवणारे मनही त्या वेळी घसरलेलेच असते. म्हणून आधी शांतपणे ठरवलेला, आकड्यात मांडलेला, वाटाघाटीला जागा न ठेवणारा नियम बहुसंख्य खेळाडूंसाठी अधिक सुरक्षित ठरतो. ज्यांना स्वतःची घसरण खात्रीने ओळखता येते ते अपवाद आहेत; आपण त्यांत मोडतो असे वाटणाऱ्यांची संख्या मात्र मोठी असते.

असा पूर्वनियोजित नियम प्रभावी का ठरतो, याला मानसशास्त्रज्ञ पीटर गोलवित्झर यांच्या ‘अमुक झाले तर तमुक करीन’ या स्वरूपाच्या संकल्पांवरील संशोधनाचा आधार मिळतो. ‘शांत राहीन’ हा संकल्प कुचकामी. ‘मोठा पॉट गेला की पुढचे दोन डाव न खेळता टेबलापासून उठेन’ हा चालतो, कारण त्यात क्षण आणि कृती दोन्ही ठरलेले असतात. इच्छाशक्ती हा वापराने आटणारा साठा आहे ही रॉय बाउमाइस्टर यांची १९९८ ची कल्पना पोकरच्या मार्गदर्शनपर लेखनात अजून दिसते. २०१६ मध्ये २३ प्रयोगशाळांनी मिळून केलेल्या पडताळणीत तिचा परिणाम जवळजवळ शून्य आढळला, त्यामुळे तिच्यावर शिस्तीची इमारत उभी करणे टाळावे.

राग दाबण्यापेक्षा घटनेकडे पाहण्याची चौकट बदलणे अधिक फलदायी, असे जेम्स ग्रॉस यांच्या भावनानियमनाच्या मांडणीवरून दिसते. २००९ मध्ये पीटर सोकोल-हेसनर व सहकाऱ्यांनी प्रयोगात सहभागी झालेल्यांना प्रत्येक पैज सुटी न पाहता मोठ्या संचाचा भाग म्हणून पाहायला सांगितले. तेव्हा तोट्याची धास्ती आणि त्वचेच्या विद्युतवाहकतेतून मोजलेली शारीरिक खळबळ दोन्ही कमी झाल्या. पोकरच्या खेळाडूंची डावांची नोंदवही हेच काम करते. हरलेला डाव लिहून ठेवायचा, त्या वेळी काय माहीत होते तेवढ्यावरच निर्णय तपासायचा, आणि निकालाचा रकाना शेवटी भरायचा. जिंकलेले डावही तसेच तपासणे आवश्यक असते; ते सहसा राहून जाते. पुरेशी झोप, मद्य टाळणे, ऑनलाइन खेळताना एका वेळी मोजकीच टेबले उघडणे या बाबी सर्वमान्य आहेत.

व्यसनाशी असलेली सीमा : टिल्ट हा आजार नाही. मात्र गेलेले पैसे परत मिळवण्यासाठी पुन्हा खेळायला येणे आणि मन अस्वस्थ असताना जुगाराकडे वळणे, या दोन्ही बाबी अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या डीएसएम-५ या निदानसंहितेत जुगारविकाराच्या ९ निकषांत आहेत. १२ महिन्यांत ४ किंवा अधिक निकष लागू पडल्यास निदानाचा विचार होतो. त्या अवस्थेत वर दिलेले नियम पुरे पडत नाहीत. उलट ‘माझी पद्धत शिस्तीची आहे’ ही समजूत मदत घेणे लांबवू शकते. अशा वेळी बोधात्मक वर्तनोपचार, खेळाच्या ठिकाणांवर स्वतःला प्रवेशबंदी लावून घेणे आणि १९५७ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये सुरू झालेल्या गॅम्बलर्स अ‍ॅनॉनिमससारखे परस्परसाहाय्य गट हे मार्ग वापरले जातात.