प्रेमातले ‘अप’ आणि ‘आउट’

परवा एका अमेरिकी मालिकेची मराठी सबटायटल्स वाचत होतो. गाडीत दोघं चुंबनात गढलेली, बाहेरून मैत्रीण ओरडते, ‘दे आर मेकिंग आउट!’ आणि खाली मराठीत उमटलं, ‘ते ओळखत आहेत!’

यंत्राला तरी काय बोलणार? कोशात तोही अर्थ आहे. ‘आय कान्ट मेक हिम आउट’ म्हणजे या माणसाचा थांग लागत नाही. पण ‘आय मेड आउट विथ हिम’ म्हटलं की ओठांना ओठ भिडलेच. ब्रिटनमध्ये याला ‘गेट ऑफ विथ’ म्हणतात. बसमधून उतरणं म्हणजेसुद्धा ‘गेट ऑफ’च!

साधंसुधं क्रियापद, मागे चिमुकला शब्द आणि अर्थ भलताच. या जोडगोळीला ‘फ्रेझल व्हर्ब’ म्हणतात. निबंधकार लोगन पिअरसॉल स्मिथ यांनी हे नाव १९२५ साली छापलं. दुखणं मात्र जुनं. परक्यांना सगळ्यात जड जातात त्या याच जोड्या, असं सॅम्युएल जॉन्सननं १७५५च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेतच लिहून ठेवलंय.

‘शी स्टूड अप’ : ती उठली. ‘शी स्टूड अप फॉर हिम’ : ती त्याच्या बाजूनं उभी राहिली. ‘शी स्टूड हिम अप’ : भेटायचं ठरवून ती आलीच नाही, बिचारा कॉफी गार होईपर्यंत ताटकळला. ‘हिम’ची जागा मधेच, ‘स्टूड अप हिम’ असं कुणी म्हणत नाही.

जुन्या इंग्रजीत असे चिमुकले शब्द बरेचदा क्रियापदाच्या आधी चिकटत. पुढे ते मागे सरकले. आपल्याला हा खेळ नवा नाही. एका ‘हृ’ धातूपासून आहार, विहार, प्रहार, संहार. वैदिक संस्कृतात तर हे उपसर्ग क्रियापदापासून सुटून लांब जाऊन बसत. नातंही आहे : इंग्रजी ‘अप’ हा आपल्या ‘उप’चा भाऊबंद आणि ‘ऑफ’ हा आपल्या ‘अप’चा. दोन्ही ‘अप’ सारखेच दिसतात, हा लिपीनं घातलेला घोळ!

आजची मराठी हे काम दुसऱ्या क्रियापदाकडून करून घेते. ‘तिला सांगितलं’ ही नुसती बातमी. ‘सांगून टाकलं’ म्हणजे छातीवरचा दगड उतरला. आणि ‘सांगून बसलो’ म्हटलं, की तिनं काय उत्तर दिलं ते मित्र विचारतसुद्धा नाहीत.