तेजी-मंदी ते वीकली एक्स्पायरी : ऑप्शन शिकायच्या आधीची गोष्ट

चिपळूण घ्या नाहीतर कणकवली, विशी-पंचविशीतल्या पोरांच्या मोबाईलवर ब्रोकरचं एखादं तरी अ‍ॅप असतंच आणि "आज एक्स्पायरी हा" (म्हणजे आज ऑप्शनची मुदत संपते) हे वाक्य आता मालवणीतसुद्धा मस्त रुळलंय. ऑप्शन (ठरलेल्या भावाने घ्यायचा किंवा विकायचा हक्क) कसे शिकायचे विचारलं की कोणीतरी व्हिडिओ पाठवतं आणि विषय संपतो, पण हा प्रकार मुळात कुणासाठी आला आणि मधली चाळीसेक वर्षं आपल्याकडे त्यावर बंदी का होती, हे कोणी सांगत नाही. माझं मत असं की मार्केट ज्या क्रमाने हे शिकलं त्याच क्रमाने नवशिक्याने शिकावं, म्हणून हा इतिहास.

मुंबईला ऑप्शन नवे नाहीतच. कापसाच्या बाजारात तेजी-मंदी म्हणून हाच धंदा चालायचा, थोडे पैसे देऊन ठरलेल्या भावाने माल घ्यायचा हक्क घेतला की तेजी आणि विकायचा हक्क घेतला की मंदी, म्हणजे आजचे कॉल आणि पुट. आपल्या आंब्याच्या बागेचा विसार आठवा. मोहोर बघून व्यापारी भाव ठरवतो, विसार देतो, पुढे अवकाळी पाऊस आला नाहीतर थ्रिप्सने मोहोर खाल्ला तर विसारावर पाणी सोडून मोकळा होतो, पण भाव चढला तर बाग त्याला ठरलेल्या दरातच द्यावी लागते. विसार म्हणजे प्रीमियम, आणि बागायतदार झाला ऑप्शन रायटर, हातात पैसे आधी येतात पण बांधलेला तोच असतो. पोरांना कॉल घेणारा पटकन कळतो, समोर कॉल विकणारा कोण बसलाय आणि तो का विकतोय हे मात्र कोणी विचारत नाही.

स्वातंत्र्यानंतर सरकारला यात सट्टाच दिसला. १९५२ च्या वायदे कायद्याने मालावरचे ऑप्शन बंद केले, १९५६ च्या सिक्युरिटीज काँट्रॅक्ट्स कायद्याच्या कलम २० ने शेअरवरचे. सट्टा थांबला का? छे. न्यूयॉर्कहून येणाऱ्या कापसाच्या ओपन-क्लोज भावावर मुंबईत आकडा लागायचा, १९६० च्या दशकात ते भाव यायचे बंद झाले तर लोकांनी मडक्यातून चिठ्ठ्या काढल्या, तोच मटका, आणि तो आपल्या गावागावात कसा पोचला ते वेगळं सांगायला नको. ज्यांच्याकडे खरंच माल होता आणि ज्यांना भाव पडायची भीती होती त्यांचं मात्र हत्यार गेलं.

तिकडे अमेरिकेत १९७३ ला शिकागोत ऑप्शनचं वेगळं एक्स्चेंज सुरू झालं आणि त्याच वर्षी ब्लॅक-शोल्सचं किंमत काढायचं सूत्र छापून आलं. आपल्याकडची शेअरवरच्या ऑप्शनची बंदी १९९५ ला उठली, पण ट्रेडिंग लगेच सुरू झालं नाही. हे ट्रेडिंग कसं आणावं यावरचा एल. सी. गुप्ता समितीचा रिपोर्ट १९९८ ला आला, मार्जिन (सौद्यासाठी तारण म्हणून ठेवायची रक्कम) किती घ्यायचं यावर जे. आर. वर्मांचा वेगळा गट बसला, १९९९ ला कायद्यात दुरुस्ती झाली आणि मग कुठे जून २००० ला इंडेक्स फ्युचर्स (इंडेक्स म्हणजे निफ्टीसारखा अनेक शेअरचा निर्देशांक, फ्युचर म्हणजे पुढच्या तारखेचा पक्का सौदा), जून २००१ ला इंडेक्स ऑप्शन, जुलै २००१ ला स्टॉक ऑप्शन. त्याच जुलैत जुना बदला, म्हणजे शेअरचा सौदा न चुकवता पुढे ढकलायची पद्धत, तोही बंद झाला. म्हणजे आधी रिस्क आणि मार्जिन, मग इंडेक्स, मग स्टॉक. आज नवीन माणूस अगदी उलटा शिरतो, पहिला ट्रेड एक्स्पायरीच्या दिवशी आणि मार्जिन काय असतं ते नंतर कधीतरी!

आणि गंमत बघा, छोट्या माणसाला लांब ठेवायचं म्हणून सुरुवातीला काँट्रॅक्ट किमान २ लाखांचं ठेवलं होतं, २०१५ ला ५ लाख केलं, २०२४ च्या अखेरीस १५ लाख. पण ऑप्शन घेणाऱ्याला फक्त प्रीमियम भरायचा असतो ना, त्यामुळे दोन-चार हजारवालाही आत येतोच. त्यात २०१६ ला बँक निफ्टीचे (बँकांच्या शेअरच्या निर्देशांकाचे) वीकली, म्हणजे दर आठवड्याला मुदत संपणारे ऑप्शन आले, २०१९ ला निफ्टीचे, नेट स्वस्त झालं, मग लॉकडाऊन. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने २०२४ ला हिशोब मांडला तर आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ मध्ये एफअँडओ (फ्युचर्स आणि ऑप्शन) करणाऱ्या १ कोटीहून जास्त सामान्य ट्रेडर्सपैकी ९३ टक्के तोट्यात, एकूण तोटा १.८ लाख कोटींच्या वर. नंतर सेबीने एका एक्स्चेंजला एकाच इंडेक्सची वीकली एक्स्पायरी ठेवली.

स्टॉक ऑप्शनवाल्यांनी अजून दोन तारखा लक्षात ठेवा. हे ऑप्शन आधी अमेरिकन पद्धतीचे होते, मधेच कधीही एक्सरसाइज करता यायचे, म्हणजे हक्क वापरता यायचा, २०११ पासून युरोपियन झाले, म्हणजे फक्त एक्स्पायरीला. आणि २०१८-१९ मध्ये टप्प्याटप्प्याने फिजिकल सेटलमेंट आली, आता कॉल इन द मनी (बाजारभाव ठरलेल्या भावाच्या वर) असताना एक्स्पायरीपर्यंत धरून बसलात तर फरकाचे पैसे मिळत नाहीत, अख्ख्या लॉटचे (एका काँट्रॅक्टमधल्या ठरलेल्या संख्येचे) शेअर घ्यावे लागतात, लाखांत पैसे लागतात आणि शेवटच्या चार दिवसांत मार्जिनही वाढत जातं. जुनी पुस्तकं आणि जुने व्हिडिओ यात हमखास चुकीचे निघतात, तारीख बघूनच वाचा.

शिकायला लांब जायला नको, सेबीने उभी केलेली एनआयएसएम ही संस्था आपल्या रायगडातच पाताळगंगेला आहे. तिची इक्विटी डेरिव्हेटिव्हची (शेअरवरच्या फ्युचर्स-ऑप्शनची) सिरीज आठवी परीक्षा खरंतर ब्रोकरच्या माणसांसाठी, पण तिचं वर्कबुक कोणीही वाचावं, कंटाळवाणं आहे पण क्रम बरोबर आहे, इंडेक्स कसा बनतो इथपासून सेटलमेंटपर्यंत. ते वाचताना एका शेअरची ऑप्शन चेन (वेगवेगळ्या भावांच्या कॉल-पुटच्या प्रीमियमचा तक्ता) रोज बघा, ट्रेड न करता, दिवस सरतील तसा प्रीमियम कसा विरघळतो ते वहीत लिहा, एक पूर्ण महिना, एक्स्पायरीपर्यंत. मग समोर विकणारा कशावर कमावतो ते आपोआप दिसायला लागतं.