पॉलिसी, सौदा आणि कुटुंब : विमा एजन्सीची माहिती सीआरएम आणि एक्सेलमध्ये का अडते

विमा एजन्सीच्या कार्यालयात आज माहिती सहसा तीन ठिकाणी असते : कंपनीच्या पोर्टलवर, एजन्सीने विकत घेतलेल्या सीआरएममध्ये (म्हणजे ग्राहक आणि विक्री यांच्या नोंदी ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) आणि एका एक्सेल फाइलमध्ये. ग्राहकांना फोन करायला बसलं की उघडली जाते ती बहुतेक वेळा तिसरीच. सॉफ्टवेअर विकणारे याला एजंटांची जुनी सवय म्हणतात. मला ते पटत नाही. पोर्टल पॉलिसी बघतं, सीआरएम सौदा बघतं आणि एक्सेलमध्ये एजंटाने कुटुंब मांडलेलं असतं. माहिती इकडून तिकडे नेताना जे बिघडतं त्यातलं बरंचसं या फरकातून येतं, आणि हा फरक संगणकाच्याही आधीपासूनचा आहे.

आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाचा वटहुकूम १९ जानेवारी १९५६ रोजी निघाला. अर्थमंत्री होते चिंतामणराव देशमुख. त्याच वर्षी १ सप्टेंबरला एलआयसी उभी राहिली, तेव्हा १५४ भारतीय कंपन्या, १६ परदेशी कंपन्या आणि ७५ प्रॉव्हिडंट सोसायट्या, म्हणजे एकूण २४५ संस्थांचा कारभार तिच्याकडे आला. अण्णासाहेब चिरमुल्यांनी १९१३ साली साताऱ्यात सुरू केलेली वेस्टर्न इंडिया लाइफही त्यात होती. इतक्या संस्थांची दप्तरं एका छताखाली चालवायची तर खात्रीने हाताशी धरता येईल अशी गोष्ट एकच : पॉलिसी क्रमांक. माणसाचं नाव दहा प्रकारे लिहिलं जातं, पत्ता बदलतो, क्रमांक मात्र तोच राहतो.

१९५० च्या दशकाच्या अखेरीस एलआयसीत पंच कार्डांवर चालणारी युनिट रेकॉर्ड यंत्रं आली आणि १९६४ मध्ये संगणक आला. कोलकात्यात कर्मचारी संघटनांनी संगणकाला कडाडून विरोध केला. नोकऱ्यांची ती भीती खरी होती आणि तिची दखल घ्यायलाच हवी होती. १९८० च्या दशकात शाखांमध्ये आणि विभागीय कार्यालयांत मायक्रोप्रोसेसरवर चालणारे संगणक बसले. जुलै १९९५ पासून पॉलिसीची स्थिती खिडकीवर लगेच कळू लागली, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये मुंबईतल्या ७४ शाखा एका जाळ्यात जोडल्या गेल्या. गिरगावात काढलेल्या पॉलिसीचा हप्ता बोरिवलीत भरता येऊ लागला. ज्यांनी त्याआधीच्या रांगा पाहिल्या आहेत त्यांना ही सोय केवढी मोठी होती हे सांगावं लागत नाही. यंत्रं बदलत गेली तरी नोंदीचा पाया पॉलिसी हाच राहिला. एका घरात पाच पॉलिसी असतील तर संगणकाच्या लेखी त्या पाच वेगळ्या ओळी.

एजंटाला शाखेतून मिळायची ती ड्यू लिस्ट, म्हणजे हप्ता यायचा असलेल्या पॉलिसींची यादी, तीही याच घडणीची. पॉलिसी नंबर, डीओसी म्हणजे पॉलिसी सुरू झाल्याची तारीख, टेबल-टर्म म्हणजे योजनेचा क्रमांक आणि मुदत, मोड म्हणजे हप्ता वार्षिक की मासिक वगैरे, प्रीमियम, आणि एफयूपी म्हणजे न भरलेला पहिला हप्ता कोणत्या महिन्याचा. ही छापील यादी घरी नेऊन एजंट आपल्या रजिस्टरमध्ये उतरवायचा, आणि उतरवताना तिची मांडणीच बदलायचा. रजिस्टरचं पान कुटुंबाचं असायचं. वर घरातल्या कर्त्याचं नाव, खाली बायको, मुलं, आई. कोणाची पॉलिसी कधी पिकते, कोणी कर्ज काढलंय, मुलीचं लग्न कधीच्या सुमारास आहे, उसाचं बिल कोणत्या महिन्यात येतं. शेवटची नोंद कंपनीच्या कोणत्याही रकान्यात बसत नाही, पण हप्ता वेळेवर येणार की न भरल्यामुळे पॉलिसी बंद पडणार, म्हणजे लॅप्स होणार, हे पुष्कळदा तिच्यावरच ठरतं.

स्प्रेडशीट याच रजिस्टरची वारसदार झाली. व्हिजिकॅल्क १९७९ मध्ये आलं, लोटस १-२-३ १९८३ मध्ये. एक्सेल १९८५ मध्ये मॅकवर आणि १९८७ मध्ये विंडोजवर. घडवणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे हिशेब होता, पण कागदी रजिस्टरसारखंच हवं तसं आखता येणारं पान मिळाल्यावर एजंटांनी त्यात कुटुंबं भरली. कर्त्याच्या नावासाठी चार ओळींचे सेल एकत्र केले. लॅप्स झालेली पॉलिसी लाल, या महिन्यात फोन करायचा तो पिवळा, मुलगा परदेशी असलेला निळा. हे रंग म्हणजे माहितीच आहे, आणि ती पुढे जिथे हरवते तिथे बहुतेकांच्या लक्षातही येत नाही.

सीआरएमचा जन्म वेगळ्या घरात झाला. अमेरिकेत १९८७ मध्ये ॲक्ट हे संपर्क सांभाळणारं सॉफ्टवेअर आलं, १९९३ मध्ये सीबेल ही कंपनी निघाली, १९९९ मध्ये सेल्सफोर्स, आणि आपल्याकडे चेन्नईच्या झोहोने २००५ मध्ये आपलं सीआरएम आणलं. या साऱ्यांची मूळ कल्पना विक्री करणाऱ्या चमूची. आधी लीड म्हणजे संभाव्य गिऱ्हाईक, मग कॉन्टॅक्ट म्हणजे ओळखीचा माणूस, मग डील म्हणजे सौदा. डील ‘वन’ झालं, म्हणजे सौदा जिंकला, की काम फत्ते. विम्यात नेमकं तिथूनच काम सुरू होतं. वीस वर्षांची पॉलिसी म्हणजे वीस वर्षांची आठवण : वार्षिक, सहामाही किंवा तिमाही हप्ता उशिरा भरायला महिन्याभराची मुदत आणि मासिक हप्त्याला १५ दिवसांची, ती हुकली तर रिव्हायवल म्हणजे बंद पडलेली पॉलिसी पुन्हा सुरू करणं, मुदतीच्या मध्येच मिळणारी रक्कम म्हणजे सर्व्हायवल बेनिफिट, नॉमिनी बदलणं, मॅच्युरिटी. हे सगळं ‘डील’च्या चौकटीत कोंबताना सॉफ्टवेअरवाल्यांना नवे रकाने जोडावे लागतात, आणि प्रत्येक एजन्सीचे जोडलेले रकाने वेगळे.

अमेरिकेतल्या विमा एजन्सींनी हा प्रश्न लवकर ओळखला. तिथला स्वतंत्र एजंट अनेक कंपन्यांची विमापत्रं विकतो, त्यामुळे प्रत्येक कंपनीचा वेगळा फॉर्म भरण्याचा जाच त्याला आधीपासून होता. १९७० मध्ये अकॉर्ड ही संस्था स्थापन झाली आणि तिने फॉर्म व माहितीची देवाणघेवाण यांचे समान नमुने ठरवले. १९८३ मध्ये आयव्हॅन्स हे जाळं आलं आणि कंपनीकडची पॉलिसीची माहिती एजन्सीच्या संगणकात थेट उतरू लागली. आपल्याकडे वैयक्तिक एजंटाला एका वेळी एकाच आयुर्विमा कंपनीचं काम करता येतं. एकाच कंपनीची यादी येत असेल तर समान नमुन्याचा आग्रह धरणार कोण? २००० मध्ये खासगी कंपन्यांना दार उघडलं, २००२ मध्ये अनेक कंपन्यांचा विमा विकणाऱ्या ब्रोकरांसाठी नियम आले, आणि अनेक कंपन्यांच्या वेगवेगळ्या मथळ्यांच्या फायली एकत्र करण्याचं काम ब्रोकरांच्या कार्यालयात जाऊन पडलं. एकीच्या फाइलमध्ये ‘ड्यू डेट’, दुसरीत ‘रिन्यूअल डेट’, तिसरीत पॉलिसी संपण्याची तारीख. आणि शेवटच्या दोन तारखांत एका दिवसाचं अंतर.

सगळ्यांना समजेल असं वाहन एकच उरलं : सीएसव्ही. स्वल्पविरामाने तोडलेल्या मजकुराची ही पद्धत १९७२ च्या सुमारास आयबीएमच्या फोर्ट्रानमध्येही होती, पण ती कशी लिहावी हे आरएफसी ४१८० या इंटरनेटच्या तांत्रिक टिपणात नोंदवलं गेलं २००५ मध्ये. सीएसव्हीत रंग नसतात, एकत्र केलेले सेल नसतात, रकान्यात तारीख आहे की क्रमांक हेही लिहिलेलं नसतं. ते उघडणाऱ्याने ओळखायचं. एक्सेल ते स्वतःहून ओळखतं, आणि विम्याच्या माहितीत त्याचा अंदाज हमखास चुकतो.

एक्सेल संख्येचे १५ च अंक नेमके जपतं. सामान्य विम्याचे, म्हणजे गाडी, घर अशा आयुर्विम्याबाहेरच्या विम्याचे, पॉलिसी क्रमांक बऱ्याचदा त्याहून लांब असतात. अशी सीएसव्ही नुसती डबल-क्लिक करून उघडली की पंधराव्या अंकापुढचे सगळे अंक शून्य होतात, आणि फाइल सेव्ह केली की ते परत मिळत नाहीत. एकाच शाखेचे, एकाच वर्षातले क्रमांक फक्त शेवटच्या चार-पाच अंकांत वेगळे असतात. म्हणजे शंभर ग्राहकांच्या पॉलिसी क्षणात एकाच क्रमांकाच्या होतात. ती फाइल सीआरएममध्ये परत चढवली, तर प्रत्येक ओळ आधीच्या ओळीवर लिहिली जाते. एफयूपी ०८/२०२४ असा असतो. त्याची एक्सेल १ ऑगस्ट २०२४ ही तारीख करून टाकतं, मग डीओसी महिन्याच्या २८ ला असली तरी आठवण पहिल्या तारखेला जाते. संगणकाची मांडणी अमेरिकन, म्हणजे महिना आधी धरणारी, असेल तर ५ ऑगस्टचा जन्म ८ मेचा होतो. दिवस बारापेक्षा मोठा असेल तर ती तारीख नुसता मजकूर म्हणून पडून राहते. म्हणजे अर्ध्या यादीत चूक लपलेली आणि अर्ध्या यादीत उघडी, आणि वयावर हप्ता ठरणाऱ्या व्यवसायात ही चूक साधी नाही. वर्ष दोन अंकी लिहिलं तर ३० पासून पुढचे आकडे गेल्या शतकातले धरायचे असा एक्सेलचा जुना नियम आहे. तो लागू असलेल्या संगणकावर ३५ साली पिकणारी पॉलिसी १९३५ सालीच पिकून गेलेली दिसते.

क्रमांक आणि तारखांवर उपाय सोपा आहे. डबल-क्लिक न करता डेटा इम्पोर्टच्या वाटेने जायचं, पॉलिसी क्रमांकाचा रकाना मजकूर म्हणून घ्यायचा आणि तारीख वर्ष-महिना-दिवस अशी लिहायची. नावांचं दुखणं जास्त खोल आहे. आपल्याकडे माणसाचं नाव तीन पदरी : स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं, आणि आडनाव, तेही कधी आडनाव आधी, कधी शेवटी. सीआरएममध्ये मात्र नाव आणि आडनाव हे दोन मुख्य रकाने, त्यात आडनाव सक्तीचं. शीटमधल्या एका सेलमधलं ‘पाटील सुनंदा भाऊसाहेब’ जागेवर तोडलं की सुनंदाताई पाटील यांचं आडनाव भाऊसाहेब होतं. लग्नानंतर नाव बदललेली मुलगी दोनदा नोंदली जाते आणि तिच्या जुन्या पॉलिसीची आठवण कोणालाच जात नाही.

त्यात लिपीची भर. मराठी यादी १९९० च्या दशकात किंवा त्यानंतरही बराच काळ श्रीलिपीसारख्या फॉन्टात टाइप केलेली असेल, तर फाइलच्या आत देवनागरी नसतेच, इंग्रजी अक्षरांचे संकेत असतात. सीआरएममध्ये ती नावं निरर्थक चिन्हं होऊन उतरतात. युनिकोड या सर्व लिप्यांच्या समान संकेतात लिहिलेली यादीही यूटीएफ-८ या त्याच्या साठवणीच्या पद्धतीतली सीएसव्ही म्हणून आली आणि ती पद्धत सांगणारी फाइलच्या सुरुवातीची खूण नसली, की विंडोजवरचं एक्सेल बऱ्याचदा तिचा तसाच चुराडा करतं.

माहिती परत सीआरएममध्ये चढवताना ओळखीची खूण लागते. ती नसेल तर सीआरएम प्रत्येक ओळ नवा माणूस समजून दुप्पट यादी करून ठेवतं. सेल्सफोर्समध्ये नोंदीचा मूळ आयडी १५ अक्षरांचा आणि त्यात इंग्रजीच्या लहान-मोठ्या लिपीचा फरक धरलेला. एका यादीतली नोंद दुसरीत शोधणारं एक्सेलचं व्हीलुकअप हे सूत्र तो फरक मानत नाही, त्यामुळे दोन वेगळे ग्राहक त्याला एकच वाटतात. म्हणून सेल्सफोर्सने तीन अक्षरं वाढवून १८ चा आयडी दिला. एवढ्या मोठ्या कंपनीलाही एक्सेलपुढे आपला आयडी वाढवावा लागला, यावरून एक्सेलचं वजन कळतं.

गेल्या काही वर्षांत गुगल शीट आणि सीआरएम यांना आपोआप जोडणाऱ्या सेवा आल्या आहेत. त्या वापराव्यात, पण एकेका रकान्याचा मालक ठरवून. हप्ता, एफयूपी आणि स्थिती कंपनीकडून येणार, तिथे एजन्सीने हात लावायचा नाही. फोनच्या नोंदी सीआरएममध्ये. कुटुंबाचा गट-क्रमांक शीटमध्ये ठरवून प्रत्येक पॉलिसीसमोर लिहायचा. रजिस्टरचं पान, सेलचे रंग आणि एकत्र केलेल्या ओळी जे सांगत होत्या, ते या एका साध्या रकान्यात मावतं आणि सीएसव्हीतूनही शाबूत जातं. रंगांसाठीही तसाच शब्दांचा रकाना करावा.

२०२३ मध्ये डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा संमत झाला. एजन्सीच्या शीटमध्ये आजारपणं असतात, उत्पन्न असतं, आधार आणि बँक खाती असतात, आणि ही शीट व्हॉट्सॲपवर सर्रास फिरते. सीआरएममध्ये कोणी काय पाहिलं याची नोंद तरी राहते. एकदा निघालेली फाइल कुठे कुठे आहे हे कोणीच सांगू शकत नाही. म्हणून बाहेर काढताना त्या कामाला लागतील तेवढेच रकाने काढावेत. आरोग्याचा रकाना हप्त्याच्या आठवणीला लागत नाही.

सीआरएम घेताना मात्र उलट बाजूने विचारायला हवं : उद्या सोडायचं झालं तर सगळं बाहेर मिळेल का? पुष्कळदा संपर्क आणि पॉलिसी सीएसव्हीत मिळतात, पण फोनच्या नोंदी, जोडलेली कागदपत्रं आणि कोण कोणाचं नात्याने काय लागतं हे वेगळं मागावं लागतं, किंवा मिळतच नाही. करार करण्याआधी दहा कुटुंबांची खरी माहिती चढवून, पूर्ण उतरवून घेऊन, रकानान् रकाना ताडून पाहावा.