रक्त दिलंय, मग लघवी कशाला?

डबी हातात ठेवली की दहातले सात जण हा प्रश्न विचारतात. काउंटरवर गर्दी असते, मागचा माणूस बसची वेळ सांगत उभा असतो, नीट उत्तर देणं होत नाही. निपाणी, संकेश्वर, चिक्कोडी आणि आसपासच्या खेड्यांतून आमच्या लॅबमध्ये येणाऱ्यांसाठी म्हणून हा कागद. रिपोर्टमधली कुठली ओळ किडनीच्या कुठल्या कामाची आहे, एवढंच यात सांगितलं आहे.

किडनी म्हणजे मूत्रपिंड. कन्नडातही शब्द हाच आहे, त्यामुळे डॉक्टर कुठल्याही भाषेत बोलले तरी घोटाळा होत नाही. दोन्ही मूत्रपिंडं पाठीच्या बाजूला, खालच्या बरगड्यांच्या आडोशाला असतात. प्रत्येक साधारण मुठीएवढं. उजवं जरा खाली, कारण त्याच्यावर यकृत असतं. कमरेत उसण भरली की पुष्कळजण थेट किडनीच्या तपासणीला येतात. बऱ्याचदा ती उसाच्या मोळीची नाहीतर मोटारसायकलीची करणी निघते. उलट, किडनी हळूहळू खराब होत असते तेव्हा सहसा काहीच दुखत नाही. खरी अडचण तीच आहे.

किडनी म्हणजे गाळणी, असं आपण सगळेच म्हणतो. ते अर्धंच खरं. चहाची गाळणी चोथा अडवते आणि चहा सोडते. किडनीचं काम दिवाळीच्या आवराआवरीसारखं चालतं: आधी माळ्यावरचं सगळं सामान अंगणात काढायचं, मग लागेल ते उचलून परत आत न्यायचं. जे अंगणात उरलं ते टाकायचं.

सामान बाहेर काढण्याची जागा म्हणजे नेफ्रॉन. एका मूत्रपिंडात ते सुमारे 10 लाख असतात. प्रत्येकाच्या तोंडाशी बारीक रक्तवाहिन्यांचा एक गुंता असतो, त्याला ग्लोमेरुलस म्हणतात. त्यात रक्त आणणारी वाहिनी रुंद, बाहेर नेणारी अरुंद. त्यामुळे आत दाब टिकतो आणि रक्तातलं पाणी, मीठ, साखर आणि युरिया, क्रिएटिनिन हा शरीरातला कचरा असं सगळं बाहेर झिरपतं. तांबड्या पेशी आणि मोठी प्रथिनं तेवढी मागे राहतात. दोन्ही मूत्रपिंडं मिळून मिनिटाला साधारण 125 मिली, म्हणजे दिवसाला 180 लिटर झिरपा निघतो. डेअरीचे 40 लिटरचे साडेचार कॅन! लघवी होते मात्र दीड लिटरच्या आसपास. बाकीचं सगळं परत आत जातं.

आता रिपोर्ट समोर धरा. 'प्रोटीन' ही ओळ त्या गुंत्याची आहे. जाळी धड असेल तर प्रथिनं नावालाच बाहेर पडतात. तिथे 'प्लस' दिसलं तर जाळीची भोकं मोठी झाल्याची शंका येते. ताप किंवा अंगमेहनतीनंतरही तात्पुरती प्रथिनं दिसतात, म्हणून एका रिपोर्टवर घाबरून जाऊ नका. डॉक्टर ती तपासणी पुन्हा करायला सांगतात.

'शुगर' ही ओळ त्यापुढच्या नागमोडी नळीची. झिरपलेली साखर तिथे जवळजवळ सगळी परत उचलली जाते. पण रक्तातली साखर साधारण 180 च्या वर गेली की उचलणारे हात पुरे पडत नाहीत. उरलेली साखर लघवीत येते आणि येताना पाणी ओढून आणते. मधुमेहात सारखं लघवीला जावं लागतं ते म्हणून. यातून आणखी एक गोष्ट निघते. उपाशीपोटी साखर 150 असली तर तो मधुमेहाच्या हद्दीतला आकडा आहे, पण लघवीत साखर 'निल' येऊ शकते. तेव्हा 'लघवीत साखर नाही, मला शुगर नाही' हा हिशेब चुकीचा. आणि डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या चालू असतील तर साखर मुद्दामच लघवीवाटे काढलेली असते, तिथे 'प्लस' येणारच.

'स्पेसिफिक ग्रॅव्हिटी' म्हणजे लघवी किती दाट. नळीचा पुढचा भाग हेअरपिनसारखा खाली जाऊन वर येतो, त्यामुळे किडनीच्या गाभ्यात खारटपणा साठतो. पाणी कमी पडलं की मेंदूच्या तळाच्या ग्रंथीतून एक संप्रेरक सुटतं आणि शेवटच्या नळ्यांतलं पाणी त्या खारटपणाकडे खेचलं जातं. एप्रिलच्या उन्हात रानात राबलेल्या माणसाची लघवी थोडी आणि गर्द पिवळी होते, पावसाळ्यात तीच पाण्यासारखी आणि वारंवार. दारू हे संप्रेरक दाबते. रात्री सारखं उठावं लागतं आणि सकाळी घसा कोरडा पडतो, त्यात याचाही हात असतो.

पुढे लघवी मूत्रवाहिनीतून मूत्राशयात उतरते. खडा अडकतो तो बहुधा या वाटेवर. कुळथाचं कढण जरूर प्या, आम्हीही पितो. पण कळ येत असेल आणि सोबत ताप असेल तर कढणावर दिवस काढू नका.

आता मूळ प्रश्न. रक्तातलं क्रिएटिनिन स्नायूंतून रोज साधारण तेवढंच तयार होतं आणि किडनी ते बाहेर टाकते, म्हणून ते साठलं की किडनी मागे पडल्याचं कळतं. पण किडनीची ताकद गरजेपेक्षा कितीतरी जास्त असते. एक मूत्रपिंड दान केलेली माणसंही नीट जगतात. त्यामुळे निम्म्याच्या आसपास काम गेलं तरी क्रिएटिनिनचा आकडा नॉर्मल दिसू शकतो. जाळीतून लघवीत गळणारं अल्ब्युमिन हे प्रथिन बऱ्याचदा त्याच्या आधी सापडतं. मधुमेह किंवा बीपी असलेल्यांना डॉक्टर वर्षातून एकदा अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो लिहून देतात तो यासाठीच. एका ग्रॅम क्रिएटिनिनमागे 30 मिलिग्रॅमच्या आत असेल तर ठीक. लघवीत बुडवायच्या साध्या पट्टीवर एवढं थोडं अल्ब्युमिन दिसत नाही.

डबी आमच्याकडूनच घ्या. एकदा एक काका सरबताच्या बाटलीत नमुना घेऊन आले आणि साखर 'थ्री प्लस' आली. नव्या डबीत 'निल'. सुरुवातीची थोडी लघवी सोडून मधली धरा. तासाभरात पोचवा. उन्हात दोन तास बसमधून आलेल्या नमुन्यात जंतू वाढतात, पेशी फुटतात. लांबून येणाऱ्यांनी इथे येऊनच दिलेलं बरं, संडास-बाथरूम मागच्या बाजूला आहे. लघवीसाठी उपाशी राहायची गरज नाही. क्रिएटिनिन द्यायचं असेल तर आदल्या रात्री मटणावर ताव मारू नका, आकडा थोडा वर जातो. पाळी चालू असेल तर नमुना देण्याआधी सांगा. बीट खाल्लं असेल किंवा टीबीच्या गोळ्या चालू असतील तर रंग बदलतो, तेही सांगा. बाकीच्या गोळ्यांची पाकिटं तशीच पिशवीतून आणलीत तरी चालेल, नावं आम्ही उतरून घेतो.