फुफ्फुसाच्या आजारांचे बायोमार्कर: बेडक्यापासून रक्तातल्या डीएनएपर्यंत

कुणाला फुफ्फुसाचा कॅन्सर निघाला, आणि तोही पसरल्यावर, की घरचे हमखास विचारतात की साध्या रक्ताच्या टेस्टमधून हे आधीच कळलं नसतं का. प्रश्न अगदी रास्त आहे. पण अशी भरवशाची टेस्ट अजून हातात नाहीये, आणि ती का नाहीये हे समजून घ्यायचं तर जरा मागे जावं लागतं, कारण गेल्या दीडशे वर्षांत या बायोमार्कर टेस्ट जिथे जिथे चालल्या आणि जिथे जिथे आपटल्या त्या सगळ्यात मला एकच गोष्ट परत परत दिसते, की मार्करला आपण विचारतोय काय यावर सगळं ठरतं. या धडधाकट दिसणाऱ्या माणसाला आजार आहे का, हा एक प्रश्न. आजार आहे हे कळलंय, आता त्यातला प्रकार कुठला आणि औषध कुठलं लागू पडेल, हा अगदी वेगळा प्रश्न.

बायोमार्कर म्हणजे शरीरातली कुठलीही खूण जी मोजता येते, मग ती रक्तातली असो, लघवीतली, घामातली, श्वासातली नाहीतर खोकून काढलेल्या बेडक्यातली. श्वसनाच्या आजारांची सुरुवात बेडक्यापासूनच झाली आणि ते साहजिकच आहे, कारण फुफ्फुसातून आपोआप बाहेर येणारं तेवढंच. १८७२ मध्ये जर्मनीत लायडन यांनी दम्याच्या पेशंटच्या बेडक्यात मायक्रोस्कोपखाली सुईसारखे टोकदार स्फटिक पाहिले. तसेच स्फटिक शार्को यांना १८५३ मध्ये दुसऱ्याच आजारात दिसले होते म्हणून नाव पडलं शार्को-लायडन. हे स्फटिक इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींमधल्या प्रोटीनचे असतात हे तेव्हा कळायचा प्रश्नच नव्हता, त्या पेशीच एर्लिख यांनी १८७९ मध्ये रंग वापरून वेगळ्या ओळखल्या. ही इओसिनोफिल पेशी लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

मग २४ मार्च १८८२ ला बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांनी टीबीचा जंतू दाखवला आणि बेडका तपासून टीबीचं निदान होऊ लागलं. याच कॉख यांनी १८९० मध्ये ट्युबरक्युलिन काढलं ते टीबीवरचं औषध म्हणून. औषध म्हणून ते सपशेल फसलं, पण तेच ट्युबरक्युलिन त्वचेत टोचून गाठ येते का बघायचं ही मांटू टेस्ट विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आली आणि आजही केली जाते. सीआरपी ही अंगातली सूज दाखवणारी रक्ताची टेस्ट तर आता कुठल्याही तापात करतात, पण तिचा जन्म न्यूमोनियातला. १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये टिलेट आणि फ्रान्सिस यांना न्यूमोनियाच्या पेशंटच्या रक्तात असं काहीतरी दिसलं जे न्यूमोकोकस जंतूच्या सी नावाच्या घटकाला चिकटतं, आणि पेशंट बरा झाला की ते निघून जातं.

मला स्वतःला सगळ्यात जास्त भावतात त्या दोन गोष्टी, ज्यात कुणीतरी नीट लक्ष दिलं म्हणून मार्कर सापडला.

पहिली सिस्टिक फायब्रोसिसची. यात फुफ्फुसात घट्ट चिकट स्राव साठत जातो, त्या काळी तर लहान मुलं दगावायची. १९३८ मध्ये डोरोथी अँडरसन यांनी हा वेगळा आजार आहे हे मांडलं पण निदान करणं फार किचकट होतं. १९४८ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये उष्णतेची लाट आली, उन्हाने ग्लानी आलेली मुलं हॉस्पिटलमध्ये येऊ लागली आणि लक्षात आलं की त्यातली बरीचशी याच आजाराची आहेत. हीच मुलं का? तिथल्याच डॉक्टर पॉल दि सांताग्नेझे यांनी या मुलांचा घाम तपासला तर त्यात मीठ नेहमीपेक्षा कितीतरी जास्त निघालं, हे छापून आलं १९५३ मध्ये. पण टेस्टसाठी घाम आणायचा कुठून, तर आधी मुलांना गुंडाळून, उष्णता देऊन घाम काढायचे, जे या मुलांसाठी चांगलंच धोक्याचं होतं कारण मीठ जास्त जाऊनच तर ती कोसळत होती! १९५९ मध्ये गिब्सन आणि कुक यांनी पायलोकार्पिन नावाचं औषध अगदी हलका करंट देऊन हाताच्या कातडीत पोचवायची आणि तेवढ्याच जागेचा घाम गोळा करायची पद्धत काढली. तीच आजही चालते, क्लोराइड लिटरला ६० मिलिमोल किंवा वर आलं की आजाराची दाट शक्यता. जीन सापडला १९८९ मध्ये, म्हणजे घामाची टेस्ट त्याच्या तीस वर्षं आधीपासून काम करत होती.

दुसरी गोष्ट स्वीडनमधल्या माल्मोची. लॉरेल नावाचे बायोकेमिस्ट रक्तातली प्रोटीन कागदाच्या पट्टीवर वेगवेगळी करून बघायचे, प्रत्येक प्रोटीनगटाचा एक पट्टा उमटतो. साधारण १५०० पट्ट्यांमधल्या पाचांवर त्यांना अल्फा-१ चा पट्टा जवळजवळ दिसलाच नाही. दुसऱ्या कुणी सॅम्पल खराब झालं म्हणून सोडून दिलं असतं. लॉरेल आणि त्यांचे तरुण सहकारी एरिकसन यांनी ते पाच पेशंट कोण हे शोधून काढलं, तर त्यातल्या तिघांना कमी वयातच एम्फिसीमा, म्हणजे फुफ्फुसातल्या हवेच्या पिशव्या विरून जाणं. १९६३ मध्ये हे प्रसिद्ध झालं. अल्फा-१ अँटिट्रिप्सिन हे प्रोटीन फुफ्फुसाला आपल्याच पांढऱ्या पेशींच्या एन्झाइमपासून वाचवतं, ते जन्मतः कमी असलं तर फुफ्फुस झिजत जातं आणि सिगरेट ओढली तर फारच लवकर.

या दोन्ही ठिकाणी मार्कर आजाराच्या मुळाशीच जोडलेला आहे, जे बिघडलंय तेच आपण मोजतोय. म्हणून या टेस्ट इतकी वर्षं टिकल्या.

कॅन्सरमध्ये तसं झालं नाही. १९६५ मध्ये माँट्रियलच्या मॅकगिल युनिव्हर्सिटीत गोल्ड आणि फ्रीडमन यांना मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये सीईए नावाचं प्रोटीन मिळालं, आणि कॅन्सरची रक्ताची टेस्ट मिळाली असंच वाटायला लागलं. मग दिसलं की ते फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्येही वाढतं, आतड्याला नुसती सूज असली तरी वाढतं, आणि काहीही आजार नसलेल्या स्मोकरमध्येही थोडं वाढलेलं असतं. नंतरच्या काळात एनएसई, सायफ्रा २१-१, प्रो-जीआरपी असे मार्कर आले, त्यातले काही स्मॉल सेल या फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या एका प्रकाराकडे बोट दाखवायला किंवा उपचार चालू असताना आजार कमी होतोय का बघायला कामाचे आहेत, पण एकटे निदान करू शकत नाहीत. एनएसई लाल पेशींमध्येही असतं, त्यामुळे रक्त काढताना त्या पेशी फुटल्या किंवा सॅम्पल तसंच पडून राहिलं तरी आकडा वर जातो. प्रो-जीआरपी किडनी बिघडली की वाढतं. रिपोर्टवर लाल अक्षरात आकडा बघून रात्र रात्र न झोपणाऱ्या माणसांना हे कुणीतरी आधी सांगायला हवं असं मला फार वाटतं.

धडधाकट माणसांत कॅन्सर आधीच पकडायचा प्रयत्न बेडक्यावरूनही झाला. १९७० च्या दशकात अमेरिकेत तीन मोठ्या ट्रायल झाल्या, हजारो स्मोकर पुरुषांचे छातीचे एक्सरे आणि बेडक्यातल्या पेशींची तपासणी. मेयो क्लिनिकच्या ट्रायलमध्ये तर दर चार महिन्यांनी. कॅन्सर जास्त सापडले, सापडलेले लोक निदानानंतर जास्त वर्षं जगले असंही दिसलं, पण फुफ्फुसाच्या कॅन्सरने होणारे एकूण मृत्यू काही कमी झाले नाहीत. निदान आधी झालं तर घड्याळ आधी सुरू होतं, त्यामुळे माणूस जास्त जगल्यासारखा दिसतो, प्रत्यक्षात मृत्यूची तारीख तीच राहते.

शिवाय आकड्यांचं गणित आड येतं. समजा १००० लोक तपासले आणि त्यातल्या ५ जणांना खरंच कॅन्सर आहे. टेस्ट १०० पैकी ८० कॅन्सर पकडते आणि निरोगी माणसाला १०० पैकी ९० वेळा बरोबर निरोगी म्हणते, ऐकायला छानच. पण मग ५ पैकी ४ सापडणार, आणि उरलेल्या ९९५ मधले जवळजवळ १०० जण उगाच पॉझिटिव्ह येणार. त्या १०० जणांच्या नशिबी सीटी स्कॅन, काहींना सुई घालून बायोप्सी, त्यात एखाद्याचं फुफ्फुस पंक्चर होऊन हवा बाहेर जमा होणं, आणि काळजी वेगळीच.

बायोमार्करने फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्ये खरी क्रांती केली ती मात्र दुसऱ्या प्रश्नावर, म्हणजे औषध कुठलं लागू पडेल यावर. गेफिटिनिब नावाची गोळी, पेशीवरच्या ईजीएफआर नावाच्या रिसेप्टरला (पेशीला वाढायचा निरोप देणाऱ्या प्रोटीनला) अडवणारी, २००२ मध्ये जपानमध्ये आणि २००३ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली. अनुभव मोठा विचित्र होता, अमेरिकेत साधारण दहातल्या एकालाच गुण यायचा, पण ज्याला यायचा त्याला असा यायचा की डॉक्टर चकित. त्यात बायका जास्त, कधीही सिगरेट न ओढलेले जास्त, पूर्व आशियातले जास्त. का, ते कुणाला सांगता येत नव्हतं. एप्रिल २००४ मध्ये बोस्टनच्या दोन गटांनी जवळपास एकाच वेळी उत्तर दिलं की या लोकांच्या गाठीत ईजीएफआरच्या जीनमध्येच बदल झालेला आहे. एका गटाच्या अभ्यासात गुण आलेल्या ९ जणांपैकी ८ जणांमध्ये हा बदल सापडला आणि गुण न आलेल्या ७ जणांपैकी एकातही नाही. इतक्या कमी लोकांत इतकं स्वच्छ उत्तर क्वचितच मिळतं.

तरी लगेच सगळं बदललं नाही. निवड न करता सगळ्यांना गोळी दिलेल्या मोठ्या ट्रायलमध्ये आयुष्य वाढल्याचं दिसेना, २००५ मध्ये अमेरिकेत तिच्यावर बंधनं आली. मग २००९ मध्ये पूर्व आशियातल्या पेशंटवरची आयपास ट्रायल आली, गोळी विरुद्ध केमो. म्युटेशन, म्हणजे जीनमधला तो बदल, असलेल्यांत गोळीने ७१ टक्के लोकांची गाठ आकसली, केमोने ४७ टक्के. म्युटेशन नसलेल्यांत गोळीने जेमतेम १ टक्का आणि केमोने २३ टक्क्यांच्या आसपास. एकच गोळी, एकच नावाचा आजार, आणि टेस्ट न करता दिली तर अर्ध्यांचं भलं आणि अर्ध्यांचा वेळ वाया, तोही ज्यांच्याकडे वेळ कमी आहे अशांचा. २००७ मध्ये जपानच्या मानो यांच्या गटाने एएलके जीन दुसऱ्या जीनला चिकटून झालेली जोडणी शोधली आणि २०११ मध्ये त्यावरचं क्रिझोटिनिब बाजारात आलंसुद्धा. मग आरओएस-१, केआरएएस, इम्युनोथेरपीसाठी (शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कॅन्सरवर सोडणाऱ्या उपचारासाठी) पीडी-एल१, यादी वाढतच गेली.

दम्यातही हुबेहूब हेच घडलं, फक्त फार सावकाश. १९५८ मध्ये इंग्लंडमधल्या मॉरो ब्राउन नावाच्या डॉक्टरांनी बेडका मायक्रोस्कोपखाली बघून दाखवून दिलं होतं की ज्यांच्या बेडक्यात इओसिनोफिल आहेत त्यांनाच स्टेरॉइडचा गुण येतो. तरीही कित्येक दशकांनी, इओसिनोफिल कमी करणारं मेपोलिझुमॅब आलं तेव्हा ते सरसकट दमेकऱ्यांना देऊन बघितलं आणि २००७ पर्यंत ते फेल गेल्यातच जमा होतं. २००९ मध्ये इओसिनोफिल वाढलेलेच पेशंट निवडले आणि दम्याचे मोठे अटॅक जवळजवळ निम्म्यावर आले. आता साध्या रक्तातल्या इओसिनोफिलचा आकडा सीओपीडी या श्वासनळ्या कायमच्या अरुंद होणाऱ्या आजारातसुद्धा इनहेलरमध्ये स्टेरॉइड द्यायचं का ते ठरवायला वापरतात. श्वासातल्या नायट्रिक ऑक्साइडची टेस्टही याच घरातली, १९९३ मध्ये दमेकऱ्यांच्या श्वासात ते वाढलेलं दिसलं, मोठ्या माणसांत ५० पीपीबीच्या (हवेच्या अब्ज भागांत ५० भाग) वर म्हणजे स्टेरॉइडचा उपयोग व्हायची शक्यता चांगली, २५ च्या खाली म्हणजे कमी. स्मोकिंगने हा आकडा खाली येतो हे मात्र ध्यानात घ्यावं लागतं.

आता रक्तातल्या डीएनएबद्दल, कारण हल्ली सगळी चर्चा त्याचीच. पेशी मेल्या की त्यांच्या डीएनएचे तुकडे रक्तात येतात. रक्तात असं पेशींबाहेरचं डीएनए असतं हे मांडेल आणि मेटे या फ्रेंच संशोधकांनी १९४८ मध्येच दाखवलं होतं, तेव्हा कुणी फारसं लक्ष दिलं नाही. कॅन्सर असला तर त्यातले काही तुकडे गाठीचे असतात. २०१६ मध्ये अमेरिकेत ईजीएफआर म्युटेशन रक्तातून बघायची टेस्ट मंजूर झाली आणि ज्यांची परत बायोप्सी करणं अवघड त्यांची मोठी सोय झाली, विशेषतः गोळी काम करेनाशी झाली की टी७९०एम नावाचा नवा बदल आलाय का ते बघायला. रक्ताचा रिपोर्ट निगेटिव्ह आला तर मात्र शक्य असेल तिथे गाठीचा तुकडा तपासावाच लागतो, कारण गाठ रक्तात फारसं काही सोडतच नसेल तर म्युटेशन असूनही दिसणार नाही.

आणि सुरुवातीच्या प्रश्नाची अडचण नेमकी इथेच आहे. गाठ लहान असते तेव्हा तिचे तुकडे रक्तात इतके कमी असतात की एका नळीत त्यातला एकही न येण्याची शक्यता असते. म्हणून आता एकेक म्युटेशन शोधण्याऐवजी डीएनएवरच्या मिथाइल नावाच्या रासायनिक खुणा, तुकड्यांची लांबी, हे सगळं एकत्र बघणाऱ्या टेस्टवर काम चाललंय. तोवर स्मोकरमध्ये लवकर निदानासाठी मृत्यू खरोखर कमी करून दाखवलेली तपासणी म्हणजे लो-डोस सीटी (कमी रेडिएशनचा सीटी स्कॅन), २०११ च्या अमेरिकन ट्रायलमध्ये ५३ हजारांवर लोकांत एक्सरेच्या तुलनेत फुफ्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यू २० टक्क्यांनी कमी झाले. पण त्याच ट्रायलमध्ये सीटीवर संशयास्पद निघालेल्यांपैकी ९६ टक्के कॅन्सर नव्हतेच. त्यामुळे रक्ताच्या मार्करला सध्या जवळचं आणि जमण्यासारखं काम मला दिसतं ते हे, की सीटीवर छोटी गाठ दिसलीच आहे, तर तिला सुई घालायची की तीन महिन्यांनी परत स्कॅन करून बघायचं, एवढंच सांगायला मदत करणं.